दोरी कुठे बांधायची?

परवा ऑफिसात चहाच्या वेळी एकाने विचारलं, "दिवाळीत काय केलंस?" म्हटलं, "ट्रॉलीला कड्या बसवल्या." तो जरा गोंधळला. त्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक विमानतळावरची ट्रॉली आली असावी, कारण पुढचा प्रश्न आला, "का, बॅगा पडत होत्या का?"

हसू आलं. पण विचार केला तर प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. सामान पडत होतं. म्हणूनच तर.

माझं गाव मुखेड तालुक्यात. जिल्हा नांदेड, पण लातूरची हद्दही काही लांब नाही. हिंजवडीतून रात्रीची बस धरली की लातूर, अहमदपूर मागे टाकत सकाळी पोहोचतो. हा सगळा बालाघाटच्या डोंगररांगांचा भाग, त्यामुळे रस्ता सरळ असा फार वेळ राहतच नाही. चढ, उतार, वळण, परत चढ. हे चढ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

काकांकडे ट्रॅक्टर आहे आणि एक हायड्रॉलिक ट्रॉली. आमच्याकडे ट्रॉलीतून काय काय जातं याची यादी करायला बसलं तर संपणार नाही. सोयाबीनची पोती, तुरीची पोती, कडबा, शेणखत, विटा, मुरूम, लग्नाचे मंडप, आणि (नको म्हटलं तरी) लग्नाचं वऱ्हाड. काकांच्या घरातला अर्धा पैसा शेतातून येतो आणि अर्धा या ट्रॉलीच्या भाड्यातून. म्हणजे येत होता. मागच्या रब्बीपर्यंत.

तर झालं असं. मागच्या वर्षी हरभऱ्याच्या दिवसांत गावातल्या एकाचे स्प्रिंकलरचे पाईप मुखेडहून आणायचे होते. प्लास्टिकचे काळे पाईप, वीस-वीस फुटांचे. ट्रॉली बारा फुटांची. मागचा फाळका उघडला, पाईप रचले, आठ फूट मागे बाहेर. वरून एक दोरी टाकली, दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर जे हुक होते त्यांना आवळून बांधली आणि निघालो. एका चढावर काकांनी गिअर बदलला, ट्रॅक्टरला हिसका बसला, आणि पाईप मागच्या मागे सुळकन निघून रस्त्यावर.

मागे मोटारसायकलवर नवरा, बायको आणि मध्ये बसलेलं लेकरू होतं. त्याने ब्रेक मारला, गाडी घसरली. लेकराला खरचटलंसुद्धा नाही. त्या बाईंचा हात मोडला.

काकांनी त्यांना दवाखान्यात नेलं, खर्च केला, महिनाभर जाऊन भेटत राहिले. त्यांनीच मोठ्या मनाने तक्रार केली नाही. पण त्या दिवसानंतर काकांनी भाडं मारणं बंद केलं. घरची पोती तेवढी न्यायची, दुसऱ्याचं काही नाही. गावात लोक म्हणायला लागले, "लै शाना झाला आता." काका ऐकून घ्यायचे. रोजचा पैसा बंद झाला होता आणि ट्रॅक्टरचा हप्ता काही बंद झाला नव्हता.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. ती दोरी मी आवळली होती. सुट्टीवर आलो होतो, हौस होती, आणि "मेकॅनिकल इंजिनिअर आहे, सरका बाजूला" असंही बहुधा म्हणालो होतो. (इंजिनिअरिंग नांदेडला मेकॅनिकलचं, नोकरी पुण्यात जावाची. आपल्याकडे हे असंच असतं.) काकांनी हे कोणाला सांगितलं नाही. मलाही कधी बोलून दाखवलं नाही. फक्त एकदा, ओट्यावर बसलो असताना, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "दोरी तुटली न्हाई रे. गाठ बी सुटली न्हाई. दोरी जशीच्या तशी, अन् पाईप खालून निघून गेले. असं कसं झालं आसंल?"

हे वाक्य घेऊन मी पुण्याला आलो. प्रोडक्शनमध्ये काहीतरी पडतं आणि लॉगमध्ये एकही एरर नसते, तेव्हा पोटात जो गोळा येतो तो आला. दोरी ठीक, गाठ ठीक, हुक ठीक, तरी माल रस्त्यावर.

एका शनिवारी कागद घेऊन बसलो. आपण समजतो की दोरी माल धरून ठेवते. वरून टाकलेली दोरी माल धरून ठेवत नाही, ती फक्त माल खाली दाबते. माल जागेवर ठेवण्याचं काम घर्षण करतं. दोरी फार तर त्या घर्षणाला मदत करते.

समजा माल 500 किलो. गुळगुळीत प्लास्टिकवर गुळगुळीत प्लास्टिक, घर्षण वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं धरू. म्हणजे 100 किलोचा जोर लागला की माल सरकायला लागला. आता मी दोरी जीव खाऊन आवळली, दोन्ही बाजूंना 50-50 किलोचा ताण दिला, आणि दोरी दोन्हीकडून अगदी सरळ खाली ओढते असं धरलं. माल 100 किलोने जास्त दाबला गेला. त्यातून मिळालं किती? त्याचा पाचवा हिस्सा, 20 किलो. एवढ्या मेहनतीचे 20 किलो! आणि दोरी सरळ खाली जात नसेल, आडवी जात असेल, तर तेही नाही. जमिनीशी 30 अंशांचा कोन झाला की दाब निम्मा होतो. आमच्या ट्रॉलीत तर हुक बाजूच्या पत्र्यावर वर होते आणि पाईपांचा ढीग त्यांच्याहून थोडासाच उंच. दोरी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जवळजवळ आडवीच गेली होती, वाळत घालायच्या दोरीसारखी. बरं, दाब बसला तो वरच्या पाईपांवर. मधल्यांना तर कोणी धरलंच नव्हतं.

मग किती जोर सोसायला हवा? यासाठी जगात ठरलेले आकडे आहेत. मालाची बांधणी कशी करावी याचं युरोपात ईएन 12195 नावाचं मानक आहे, अमेरिकेतल्या ट्रकांसाठी नियम आहेत, आणि दोन्हीकडचे आकडे साधारण सारखेच. रस्त्यावरच्या गाडीतला माल पुढच्या दिशेला वजनाच्या 80 टक्के जोर आला तरी हलता कामा नये (कारण ब्रेक), आणि बाजूला व मागे 50 टक्के (कारण वळण, चढ, हिसके). आमच्या 500 किलोंना मागच्या बाजूला 250 किलोंची धारणा हवी होती. आमच्याकडे होती 100 आणि वर दोरीची दहाहूनही कमी.

म्हणजे काकांच्या प्रश्नाचं उत्तर असं होतं, की दोरी तुटली नाही कारण त्या दिवशी दोरीवर जोर आलाच नव्हता. ती नुसती वर बसली होती.

हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. कारण हे गणित मला बारा महिने आधीही येत होतं. पेपरात लिहून मार्कही घेतले होते.

असो. दिवाळीला गावी गेलो तेव्हा कागदावर एक ड्रॉइंग काढून नेलं होतं. काकांना म्हटलं, "पत्र्यावरचे हुक काढून टाकू, नवीन कड्या बसवू." काका काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉली धुऊन तयार होती.

मुखेडला आमचे नेहमीचे वेल्डिंगवाले चाचा आहेत. पन्नाशीचे, डोळ्यांना कायम काळा चष्मा, आणि माझं ड्रॉइंग त्यांनी उलटं धरून बघितलं. मी समजावलं. पत्रा पातळ असतो, त्यावर हुक लावला की जोर आल्यावर पत्राच फाटतो, म्हणून कडी खालच्या चेसीला लावायची, चेसी सगळ्यात मजबूत. चाचांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं.

"बेटा, दोरी बांधलेली राहिली अन् याने जॅक उचलला तर?"

मी गप्प. ट्रॉली हायड्रॉलिक आहे. माल ओतताना वरचा डबा उचलला जातो, चेसी खालीच राहते. कडी चेसीला आणि माल डब्यात, म्हणजे मी डबा आणि चेसी दोरीने एकमेकांना बांधणार होतो. एखाद्या संध्याकाळी घाईत दोरी सोडायची राहिली असती, की एकतर दोरी ताडकन तुटून कोणाच्या तरी तोंडावर, नाहीतर डबा तिरका. चाचांनी खडूने डब्याच्या तळाखालची चौकट दाखवली, डब्याबरोबरच वर जाणारे आडवे चॅनल. "कडी इथं. डब्याचा माल, डब्याचीच कडी."

मग त्यांनी मला एक प्रयोग दाखवला, तो मी कॉलेजच्या लॅबमध्ये चार वर्षांत बघितला नव्हता. एक सळईचा तुकडा पातळ पत्र्यावर वेल्ड केला, तसाच दुसरा जाड चॅनलच्या तुकड्यावर. दोन्हींवर घण घातले. चॅनलवरची सळई वाकली, वेल्डिंग हललं नाही. पत्र्यावरचं वेल्डिंगही हललं नाही! पत्राच वेल्डिंगच्या कडेने फाटून सळईबरोबर निघून आला. "जोड चांगला होता," चाचा म्हणाले, "घर कच्चं होतं."

आम्ही 12 मिलिमीटरच्या सळईचे इंग्रजी यू सारखे हुक वाकवले. साध्या लोखंडाची एवढी सळई कागदावर एका पायावर साधारण 2800 किलोंची ओढ सोसते, पाय दोन. म्हणजे सळईची काळजी नको. काळजी ती जिथे जोडली तिथली. म्हणून प्रत्येक हुकाचे पाय चॅनलला टेकवून दोन्ही बाजूंनी लांब वेल्ड घेतला. दोरी ओढेल तेव्हा वेल्ड सोलला जाऊ नये, त्याच्या लांबीवर जोर यावा, अशा दिशेने. दोन्ही बाजूंना तीन-तीन, एकूण सहा. पोती, कडबा, जे काही पत्र्यांच्या वर जातं ते यांना बांधायचं.

एक लहानशी गोष्ट, कोणाला उपयोग झाला तर. वेल्डिंगआधी ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडवून घ्यायची, म्हणजे ट्रॅक्टरच्या बॅटरीला आणि वायरिंगला धक्का नाही. आणि वेल्डिंगची अर्थिंग जिथे काम चालू आहे त्याच्या जवळच लावायची. लांब चाकापाशी लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं.

पण बाहेरच्या सहा हुकांनी माझा मूळ प्रश्न सुटत नव्हता. माल बुटका असेल, म्हणजे मोटार, ड्रम, गिरणी, तर बाहेरून आलेली दोरी पत्र्याच्या काठावर टेकते आणि मालाला शिवतसुद्धा नाही. त्याला ट्रॉलीच्या आत, तळापाशी कड्या हव्यात. म्हणजे दोरी मालाला वरून दाबणार नाही, चारी कोपऱ्यांतून चार दिशांना ओढून धरेल. तिथे घर्षणाची मेहेरबानी नको. हा माझा मुद्दा चाचांनाही पटला. एक तरी मार्क मिळाला.

नापास केलं ते काकांनी. इतका वेळ बाजूला बसून बिडी ओढत होते. म्हणाले, "आत कडी आली की फावडं आडकतंय. खत ओढायचं कसं? अन् पोतं फाटलं तर सोयाबीन तू भरून देणार का?"

हेही बरोबर. शेवटी तळाच्या चार कोपऱ्यांत, जिथे फावडं तसंही पोहोचत नाही, तिथे जाड पट्टीचे छोटे पूल केले आणि त्यांत सैल कड्या ओवल्या. दोरी नसली की कडी आडवी पडून राहते, दोरी बांधली की उभी राहते आणि ओढ ज्या दिशेला असेल तिकडे वळते. पट्टी तळाच्या पत्र्यावर नाही, पत्रा कापून खालच्या चॅनलला जोडलेली. संध्याकाळी सगळ्यावर रेड ऑक्साईड मारला. दहा कड्या, साडेतीन हजार रुपये, एक दिवस.

बसून चहा पिताना मला मालवाहू कंटेनर आठवला. 1956 साली माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकाने 58 डबे एका जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले, आणि जगाचा व्यापार बदलला असं आपण वाचतो. पण लोखंडी डबा काय, कोणीही बनवेल. खरं डोकं होतं ते त्याच्या कोपऱ्यांत. मॅक्लीनचा इंजिनिअर कीथ टँटलिंगर याने कोपऱ्यांचे ठोकळे आणि त्यांत फिरवून अडकवायची कळ तयार केली, त्यामुळे डबा जहाजावर, ट्रकवर, दुसऱ्या डब्यावर पक्का बसायला लागला. आज न्हावा-शेवा बंदरात दिसणारा प्रत्येक कंटेनर कोपऱ्यांवरच उचलला जातो आणि कोपऱ्यांवरच धरला जातो.

हे मी चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आपण काय वेगळं केलं?"

आता पाईपांचं. कड्या झाल्या म्हणजे वीस फुटी पाईप परत न्यायचे का? मी त्याचंही गणित करून ठेवलं होतं, गठ्ठ्याला दोन वेढे, मागून ओढ, वगैरे. पण बारा फुटांच्या ट्रॉलीत वीस फूट बसवायला कुठलीच कडी उपयोगाची नाही. बाहेर लोंबणाऱ्या सळ्या-पाईपांनी इतके जीव गेले, की 2014 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन बॉडीबाहेर माल काढायला मनाई झाली. 2019 च्या दुरुस्तीनंतर दंडच 20,000 रुपये आहे. हे काकांना सांगायचं कसं, या विचारात होतो, कारण पाईपांचं भाडं चांगलं मिळतं आणि रब्बी तोंडावर होती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गावातले एक जण आले. मुखेडहून पिठाची गिरणी आणायची होती. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "चल." वर्षभराने पहिलं भाडं.

गिरणी जड, उंच, डोक्यात वजन. ती ट्रॉलीत बरोबर मध्ये, चाकांच्या जरा पुढे ठेवली. खाली रबराची जुनी चटई टाकली, म्हणजे लोखंडावर लोखंड घसरू नये. चार कोपऱ्यांच्या कड्यांतून चार दोऱ्या गिरणीला, समोरासमोर ओढ येईल अशा. काकांनी दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. मी घेतलं नाही. म्हटलं, "तुम्ही बांधा."

"आवळ," काका म्हणाले. "त्या दिवशी तू आवळली म्हणून पाईप निघाले न्हाईत. मी बी तशीच आवळली असती. तीस वर्षं तशीच आवळत आलो."

म्हणजे त्यांना माहीत होतं, माझ्या डोक्यात वर्षभर काय चाललंय ते. मी आवळली.

दोन-तीन किलोमीटर गेल्यावर त्यांनी ट्रॅक्टर बाजूला घेतला आणि उतरले. मला वाटलं काही बिघडलं. "बघ," म्हणाले. मी चढून दोऱ्या हाताने दाबून बघितल्या. दोन सैल झाल्या होत्या. हिसक्यांनी माल बसतो, दोरी ताणते, गाठ सरकते. अमेरिकेत ट्रकवाल्यांना पहिल्या 50 मैलांच्या आत थांबून बांधणी तपासण्याचा नियम आहे, हे मी वाचलेलं होतं. काकांनी वाचलेलं नव्हतं. परत आवळल्या आणि निघालो. तोच चढ आला. काकांनी गिअर बदलला, हिसका बसला. मी मागे वळून गिरणीकडे बघत होतो. काका आरशात मागच्या रस्त्याकडे बघत होते.

गावात शिरताना पाईपवाले भेटलेच. "काय, गाडी चालू झाली म्हणं! आमचे पाईप कधी आणायचे?"

"पाईप न्हाई," काका म्हणाले. "त्याला लांब गाडी सांगा. पोती असली तर बोलवा, रात्री बी येतो."

मी तयार ठेवलेलं भाषण गिळून टाकलं.

तर मंडळी, दोरी मजबूत आहे का हे सगळेच बघतात. आता हायवेवर भरलेल्या ट्रॉलीच्या किंवा टेम्पोच्या मागे गाडी आली, की माझी नजर आपोआप दोरीच्या दुसऱ्या टोकाकडे जाते. ते पातळ पत्र्याला बांधलेलं दिसलं, किंवा दोरी मालावर नुसती आडवी पहुडलेली दिसली, की मी गाडी हळू करतो आणि अंतर ठेवतो. तुम्हीही ठेवा. पुढचा माणूस बेफिकीर असेलच असं नाही. त्याने मनापासून आवळलेली असू शकते.